नंबरकाकांची पाच मिनिटं

कालव्याच्या तोंडाशी एक मनोरा आहे. त्यात नंबरकाका तीस वर्षं एकच काम करत होते : जहाजाने बाहेर समुद्रात नांगर टाकला की वेळ लिहायची. ज्याचा आधी नांगर, त्याला आधी वाट. मग झेंडा कुठल्याही देशाचा असो. एकदा एका युद्धनौकेचा अधिकारी मध्येच घुसू पाहत होता. "साहेब, तोफ मोठी असेल, पण नंबर सतरावाच," असं सांगून काकांनी त्याला थंड केलं होतं.

यंदा एक जहाज कालव्यात आडवं रुतलं आणि तेरा दिवस वाट बंद. बाहेर जहाजांची ही रांग! अखेर ते हललं. उद्यापासून कालवा खुला होणार होता, पण पहिल्या दिवशी वीसच जहाजं सुटणार. काकांच्या जावयाचं जहाज नेमकं एकविसावं. लेक कालव्याच्या पलीकडच्या गावी, दिवस भरलेली.

"एक नंबर इकडचा तिकडे केला तर आभाळ कोसळणार आहे का?" काकू म्हणाल्या.

"आभाळ नाही, मी कोसळेन. डबा दे, आठ वाजले."

"पाच कमी आहेत. लग्नापासून तुमचं घड्याळ पाच मिनिटं पुढे, आणि अक्कल..."

अक्कल कुठे आहे ते ऐकायला काका थांबलेच नाहीत. पण वाटेत ती पाच मिनिटं त्यांना टोचू लागली. जावयाचं जहाज आलं त्या दिवशी ते मनोऱ्याच्या गच्चीवर डबा खात होते. मनगटावर पाहून त्यांनी तळहातावर वेळ लिहिली होती : बारा वाजून नऊ मिनिटं. विसाव्या जहाजाची वेळ खाली बसलेल्या सोबत्याने भिंतीवरच्या सरकारी घड्याळात पाहिली होती : बारा वाजून सहा. म्हणजे जावई खरा आला बारा वाजून चारला!

आली पंचाईत. खोडावं तर लोक म्हणणार, जावई आला आणि नियम गेला. न खोडावं तर नोंद खोटी. काकांनी विसाव्या जहाजाच्या कप्तानाला वायरलेस लावला आणि घड्याळाची सगळी कहाणी सांगितली.

"चूक माझी, कप्तानसाहेब. तुमचा नंबर एकविसावा."

"आणि पुढे कोण?"

"माझा जावई."

क्षणभर खरखर. मग खदखदून हसणं. "अहो काका, वशिला लावणारा नातं सांगतो होय? जाऊ द्या त्याला. घड्याळ तेवढं नीट लावा!"

दुसऱ्या दिवशी जावयाचं जहाज भोंगा वाजवत मनोऱ्याखालून गेलं. काकांनी भिंतीकडे पाहून वेळ लिहिली.

बाळ जन्मलं, तेव्हा जावयाला दवाखान्यात पोचून पाच मिनिटं झाली होती. हे काकूंनी आपल्या घड्याळात पाहून मोजलं. काकांचं अजून पुढेच आहे. ते नीट लावलं तर काकू बोलणार कशावर?