दोन नळ्यांचा पितळी डबा

रघुनाथला मी शेवटचं भेटलो तेव्हा त्याच्या नाकात ऑक्सिजनची नळी होती. ती नळी यंत्राला जिथे जोडलेली होती तिथे त्याने टॅक्सीच्या पाइपला लावतात तशी पत्र्याची क्लिप स्वतःच्या हाताने आवळून बसवली होती. यंत्र भाड्याने आणलेलं होतं. त्यांचं फिटिंग ढिलं आहे, नळी निसटते, एवढाच खुलासा त्याने केला. काळाचौकीच्या त्या खोलीत यंत्राची घरघर सतत चालू होती आणि यंत्राच्या पुढच्या बाजूला पाण्याची एक छोटी बाटली होती. हवा एका लांब नळीने पाण्यात उतरायची, बुडबुडे यायचे, आणि वरच्या आखूड नळीतून ती त्याच्या नाकाकडे जायची. त्याने बाटलीकडे बोट केलं. एकेका शब्दासाठी त्याला श्वास जमवावा लागत होता. "बघ... एक लांब, एक आखूड. आपलाच डबा." मग पुन्हा श्वास जमवून म्हणाला, "फक्त हा ओतून टाकता येत नाय."

पुढच्याच आठवड्यात त्याच्या पत्नीचा, सुमतीवहिनींचा फोन आला. सकाळी चहा घेतला, कप खाली ठेवला आणि गेले, असं त्यांनी सांगितलं. आवाजात रडणं नव्हतं. मागे यंत्र अजून चालूच होतं, ते फोनवर ऐकू येत होतं. ते बंद करायला हवं हे तिथे जमलेल्यांपैकी कुणाच्या लक्षात आलेलं नसावं.

आम्ही एकाच चाळीत, एकाच मजल्यावर वाढलो. मी पुढे एका दैनिकात लागलो, रघुनाथ वडिलांच्या जागी गिरणीत. कापूस पिंजणाऱ्या यंत्रांच्या खात्यात तो तेलवाला होता, म्हणजे पाळीभर तेलाची झारी घेऊन यंत्रांच्या रांगांतून फिरायचं आणि जिथे लोखंड लोखंडावर फिरतं तिथे तेल सोडायचं. पाळी सुटली की त्याच्या भुवया पांढऱ्या आणि हात काळे असत. दुपारचं जेवण वहिनी देत. भाकरी फडक्यात, आणि कालवण पितळेच्या कल्हई केलेल्या गोल डब्यात. त्या डब्याला फिरकीचं झाकण होतं. लग्नात त्यांच्या आईने दिलेला. बांगड्याचं तिखट कालवण भरून तो आडवा केला तरी थेंब बाहेर येत नसे, आणि हे तो खात्यातल्या सगळ्यांना डबा उलटा धरून दाखवत असे.

गिरण्यांचा संप झाला तेव्हा तो तिशीत होता. सुरुवातीचे महिने सभांमध्ये गेले. मग चाळीतली माणसं गावाला जायला लागली. वहिनींचा भाऊ काळी-पिवळी चालवायचा, तोही गावी निघाला आणि गाडी रघुनाथच्या हवाली करून गेला. गिरण सुरू होईपर्यंत चालव, असं ठरलं. तो भाऊ परत आला नाही, गाडी इथेच राहिली. रघुनाथने पहिल्या दिवसापासून ती पाळीप्रमाणे चालवली. पहिल्या पाळीच्या वेळेला गाडी काढायची, पाळी सुटायच्या वेळेला लावायची. मधल्या सुट्टीत भाडं आलं तरी घ्यायचा नाही. दुसरे टॅक्सीवाले हसायचे. "काय रे, मुकादम ओरडेल काय?" असं विचारायचे. तो म्हणायचा, सवय मोडली तर पुन्हा लागत नाही, आणि आता थोड्या दिवसांचा प्रश्न आहे.

गाडी मात्र जुनी होती. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की वरचा जळलेला वायू खाली तेलात उतरतो, तेलाची वाफ घेऊन नळीवाटे पुन्हा हवेच्या फिल्टरमध्ये जातो आणि इंजिन स्वतःचंच तेल ओढून जाळत बसतं. मागून निळा धूर निघतो. अँटॉप हिलला एक म्हातारा मेकॅनिक होता, त्याला सगळे उस्ताद म्हणत. इंजिन खोलावं लागेल, असं त्याने सांगितलं. रघुनाथला ते मान्य नव्हतं. अडचण केवळ खर्चाची नव्हती, कारण वहिनींचा भाऊ गावाहून मदत पाठवायला तयार होता. इंजिन खोलायचं म्हणजे पुढची कित्येक वर्षं टॅक्सी चालवायची तयारी करायची. त्याला टॅक्सी चालवायची नव्हती. "मी ड्रायव्हर नाय रे," तो मला म्हणाला. "मी संपावरचा कामगार आहे. संपावरचा माणूस इंजिन खोलत नाय, चालवून नेतो."

चालवून नेण्यासाठी त्याने उपाय काढला. इंजिनातून येणारी वाफ फिल्टरकडे जाण्याआधी मध्येच एका भांड्यात अडवायची. तेल थंड होऊन तळाशी बसेल आणि नुसती हवा पुढे जाईल. असं भांडं मोठ्या गाड्यांना लावलेलं त्याने पाहिलं होतं. भांडं घट्ट झाकणाचं हवं आणि डाग बसेल, म्हणजे नळ्या झाळून जोडता येतील, अशा धातूचं हवं. घरात तसं एकच होतं. वहिनींनी विचारलं, मग कालवण कशात देऊ? तो म्हणाला, टॅक्सीवाला घरी येऊन जेवतो, डबा कशाला लागतो? आणि गिरण सुरू झाली की दोन्ही नळ्या काढतो, भोकं बुजवून कल्हई करून देतो, पूर्वीसारखा. या बोलीवर डबा गेला. वहिनींनी तो देण्याआधी चिंच लावून घासला होता, जसा काही तो कुणाकडे पाहुणा म्हणून जाणार होता.

चाळीच्या मागे, मंडळाच्या मांडवाचे बांबू ठेवायच्या पडवीत त्याने तो बनवला. झाकणाला दोन भोकं पाडली, भंगारातल्या पितळी नळीचे दोन तुकडे घातले, एक तळाजवळ पोचेल इतका लांब, एक झाकणाच्या आतच संपणारा. कडेने डाग दिला. डबा गाडीत बांधायला गिरणीतल्या जुन्या चामडी पट्ट्याचा तुकडा वापरला. राहिला प्रश्न आत काय भरायचं याचा. वाफ कशावर तरी आपटली पाहिजे, म्हणजे तेल सुटतं. इथे त्याने जे केलं ते फक्त गिरणीतला माणूसच करेल. त्याने डब्यात सुताचं वेस्ट भरलं, यंत्रं पुसायला मिळायचं ते, अगदी ठासून. तेल दिसलं की हात वेस्टकडे जायचा, ही त्याची सगळ्या नोकरीची सवय. मी विचारलं, आत कोंदणार नाही का? तो म्हणाला, कापूस कधी कोंदतो काय?

गाडी दोन दिवस छान चालली. तिसऱ्या दिवशी हिंदमाताला, लग्नाचा बस्ता घेऊन बसलेल्या दोन बायका मागे असताना, तेल पिऊन गच्च झालेल्या वेस्टने वाट बंद केली. इंजिनातल्या वायूला जायला जागा उरली नाही. तेल मोजायची पट्टी आपल्या भोकातून गोळीसारखी उडाली, बॉनेटवर आतून आपटली आणि गरम लोखंडावर तेल पडून सगळीकडे धूर झाला. रघुनाथने घाबरून आधी बायकांना उतरा म्हटलं, तर त्यातली मोठी म्हणाली, "आमचं राहू दे दादा, आधी साड्या उतरवा." हे तो पुढे अनेक वर्षं सांगायचा, आणि सांगताना हसायचा. त्याच संध्याकाळी त्याने वेस्ट उपसून काढलं आणि भांडी घासायची तारेची घासणी मोकळी करून आत घातली. मग डबा चालला. पहिल्या रविवारी झाकण फिरवून उघडला तेव्हा तळाला बोटभर तेल होतं. ते त्याने मजल्यावरच्या सगळ्यांना दाखवलं.

दर रविवारी डबा ओतायचा, हा नेम झाला. पावसाळ्यात आत पाणी मिसळून तेल दुधाच्या चहासारखं यायचं, उन्हाळ्यात काळं. ते चाळीच्या फाटकाच्या बिजागऱ्यांना, भाजीवाल्याच्या हातगाडीच्या चाकांना जायचं. डबा ओतून झाला की तो माझ्या दारात यायचा आणि विचारायचा, "आलं का काय?" त्याला संपाची बातमी हवी असायची. मी नाही म्हणायचो. गिरण्या बंद पडत होत्या, काही विकल्या जात होत्या, त्या बातम्या येत होत्या आणि छापल्याही जात होत्या. पण संप मागे घेतला असं कुणीच जाहीर केलं नाही, त्यामुळे तशी बातमी कधी लागली नाही. माझ्या लेखी ती एक न छापलेली बातमी होती. रघुनाथच्या लेखी त्याचा अर्थ वेगळा होता. मागे घेतला नाही म्हणजे चालू आहे. चाळीत असं मानणारा तो एकटा नव्हता. बाकीचे एकेक करून मेले किंवा गावी गेले, एवढाच फरक.

वर्षं गेली. डब्यातलं तेल बोटभराचं दोन बोटं झालं, मग अर्धा डबा. त्याला दिसत होतं. इंजिन किती खचलं आहे हे डबा त्याला दर रविवारी सांगत होता आणि तो दर रविवारी ते ओतून टाकत होता. त्याच सुमारास खोकला सुरू झाला. सोमवारी जास्त यायचा, पूर्वी गिरणीत असताना यायचा तसाच. त्यासाठी त्याने कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून बाटली आणली. बाटली संपली की दुसरी.

त्याच्या गिरणीच्या जागेवर उंच इमारत उभी राहिली. एकदा एक भाडं त्याला तिथेच घेऊन गेलं. पोर्चमध्ये पांढरी फरशी होती. उतारू पाकीट काढत असताना रखवालदार धावत आला आणि गाडी बाहेर घ्यायला सांगू लागला. तोही आपल्या कोकणातलाच, देवगडकडचा. काका, तेल सांडतं हो तुमच्या गाड्यांचं, आमचे साहेब बोलतात, असं म्हणाला. रघुनाथने उतरून बॉनेट उघडलं आणि त्याला डबा दाखवला. बघ, एक थेंब खाली येत नाही. रखवालदाराने वाकून पाहिलं, चांगलं आहे म्हणाला, पण गाडी काढा. हे रघुनाथने मला सांगितलं तेव्हा तो हसला नाही. जिथे आपण तेल घालत फिरलो, त्याच जमिनीवर आपलं तेल नको आहे, असं काही तो बोलला नाही. तो एवढंच म्हणाला, "खातं कुठं होतं ते पण कळलं नाय रे. नुसती फरशी." मग म्हणाला, "इंजिन खोलतो."

उस्तादने इंजिन खोललं. मी सोबत होतो. सिलिंडरच्या भिंती इतक्या गेल्या होत्या की त्यांना आता काही करता येण्यासारखं नव्हतं. उस्तादने डबा हातात घेतला, फिरवून पाहिला, त्यातल्या डागाची तारीफ केली. मग विचारलं, "गाडी के वास्ते डब्बा था, या डब्बे के वास्ते गाडी?"  रघुनाथने डबा परत घेतला, चामडी पट्टा सोडवून खिशात ठेवला. गाडी तिथूनच भंगारात गेली. जुन्या गाड्या तशाही रस्त्यावरून काढत होते.

त्यानंतर छातीचा फोटो काढला. मोठ्या डॉक्टरांनी तो उजेडावर धरून बराच वेळ समजावलं. गिरणीतल्या वर्षांत आत गेलेल्या कापसाच्या धुळीचं ते सांगत होते. आता यातून काही परत येणार नाही, त्रास थोडा कमी करता येईल, एवढंच. बाहेर रघुनाथ बाकावर बसला. मी विचारलं, कळलं ना काय म्हणाले? तो म्हणाला, "आत वेस्ट भरलंय म्हणतात." मग मान हलवून म्हणाला, "मी म्हटलं होतं ना, कापूस कोंदत नाय."

गाडी गेल्यावरही त्याने रविवार सोडला नाही. डबा मांडणीवर ठेवलेला असायचा. तो उठायचा, भिंतीला धरत जायचा, झाकण फिरवायचा, आत बघायचा, पुन्हा झाकण लावायचा. पुढे यंत्राची नळी जितकी लांब तितकंच त्याला जाता यायचं. मांडणी त्या अंतरात नव्हती. मग वहिनी डबा पलंगापाशी आणून द्यायच्या.

बारावं झाल्यावर मी गेलो. यंत्र परत गेलं होतं, खोलीत घरघर नव्हती आणि त्यामुळे गॅलरीतलं सगळं बोलणं आत ऐकू येत होतं. पत्र्याची क्लिप मात्र वहिनींनी काढून ठेवली होती. ती खिडकीच्या खिळ्याला अडकवलेली होती. डबा मांडणीवर, पातेल्यांच्या ओळीत, जिथे तो लग्नानंतर पहिल्यांदा ठेवला असेल तिथेच. बाहेरून चिंचेने लखलखीत घासलेला, झाकणातून दोन नळ्या वर आलेल्या. त्या दिवशी रविवार होता. वहिनी उठल्या, त्यांनी तो खाली घेतला, पदराने धरून झाकण फिरवलं आणि आत बोट फिरवून मला दाखवलं. बोटाला काळसर काहीतरी लागलं होतं. किती वेळा सोड्याने धुतला, असं त्या म्हणाल्या. डागाच्या सांध्यातून, झाकणाच्या आट्यांतून ते पाझरत असणार. "अजून तेल येता," त्या म्हणाल्या. एरवी माझ्याशी त्या मुंबईचंच मराठी बोलत.

मी म्हटलं, लालबागला भांड्यांचं काम करणारा एक जण अजून आहे. नळ्या काढून, भोकं बुजवून, कल्हई करून देईल. रघुनाथने कबूल केलं होतं तसा डबा होईल.

त्यांनी बोट फडक्याला पुसलं. "नको भावोजी," त्या म्हणाल्या. "भोकां बुजवूची नाय. गिरण खंय सुरू झाली?"

मग त्यांनी झाकण लावलं आणि डबा पोटाशी धरून, कालवण सांडू नये म्हणून आवळतात तसं, शेवटच्या आट्यापर्यंत आवळलं.