भोयाच्या घरात मासे नाहीत

लग्न होऊन सासरी आले तेव्हा पहिल्याच दिवशी मला चूल दाखवली, जातं दाखवलं, पाण्याचा रांजण दाखवला. जाळं काही कुणी दाखवलं नाही. माझं माहेर पैनगंगेच्या काठचं. आमच्याकडे ओसरीला जाळं टांगलेलं नसलं तर ते घर भोयाचं की आणखी कुणाचं, असा प्रश्न पडायचा. मी सासूला विचारलं, "आत्याबाई, जाळं कुठं ठिवता?" तिनं आधी दाराकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "ते नाव काढू नको पोरी. या घरात जाळं न्हाई अन् मासेबी न्हाईत." मला वाटलं, नव्या सुनेची थट्टा चाललीय.

थट्टा नव्हती. पंचमीला भाऊ मला न्यायला आला, तो वाळवलेल्या माशांचं गाठोडं घेऊन. माझे सासरे, त्यांना मी मामंजी म्हणायची, ते दारातच उभे राहिले. "पाव्हणं, तुमी या. ते बाहीर राहू द्या." भावानं गाठोडं गावाबाहेरच्या बाभळीला बांधलं आणि रात्रीतून कुत्र्यांनी त्याचा निकाल लावला. वाटेनं जाताना भाऊ म्हणाला, "तुझं सासर माळकरी झालं काय?" मी हसले खरी, पण मला लाज वाटत होती. भोयाची लेक भोयाच्याच घरी देऊन माशाला मुकली, हे माहेरी कुणाला सांगणार?

खरी गोष्ट सासूनं मला सांगितली, शेण्या थापताना, तुकड्यातुकड्यानं. आमचं गाव डोंगरकडा या गावाच्या वाटेवरचं. गावाला लागून जहागीरदारांचा तलाव होता. हिंगोलीकडून मोटारीतून पाहुणे यायचे, छत्रीखाली खुर्च्या टाकून गळ लावून बसायचे. ज्यांना आत पाण्यात जायचं असेल त्यांचा तराफा मामंजी चालवत. तलावात सोडायला कयाधू नदीतलं मत्स्यबीज मडक्यातून आणायचं कामही त्यांचंच. गावात त्यांना तराफेवाला म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं.

मग जहागीरदारांच्या कारभाऱ्याला वाटलं की मासे कमी झाले. कमी झाले असतीलही. पाहुण्यांच्या मोटारीत टोपल्या भरून जात होत्या, ते सगळ्या गावाला दिसत होतं. पण बंदोबस्त झाला तो आमचा. भोयांना तलाव बंद झाला आणि मामंजींच्या हातचा तराफा गेला. बाजाराची वाट तलावाच्या बांधावरून जायची, तिथं फाटक बसलं, पहारेकरी आला. वाणी जायचा, विणकर जायचा, धनगर मेंढरं घेऊन जायचा, त्यांना कुणी थांबवत नसे. भोई दिसला की पहारेकरी म्हणायचा, "हात." मग दोन्ही हात पुढं करायचे आणि तो वाकून हुंगायचा. वास आला की टोपली उपडी करायची, धोतराचा घोळ चाचपायचा, आणि नदीवरून आणलेले मासे असले तरी ते तलावाचेच ठरायचे.

आता भोयाच्या हाताला माशाचा वास येणार नाही तर काय अत्तराचा येणार? शेतकऱ्याच्या हाताला मातीचा वास येतो म्हणून त्याला कुणी चोर म्हणत नाही. गावातल्या बड्या घरची पोरं परवानगी काढून तिथंच गळ टाकून बसायची. त्यांनी घरी नेला तो मासा शिकार आणि आमच्या टोपलीत सापडला तो चोरी. याचा मला आजही संताप येतो, आणि तो शमावा अशी माझी इच्छाही नाही.

तराफा गेला तेव्हा मामंजी कारभाऱ्याकडे गेले होते. हात जोडून म्हणाले, आजवर तलावातला एक मासा घरी नेला नाही. कारभारी चार माणसांत बसलेला, पान खाऊन खुशीत. तो म्हणाला, "ज्या दिवशी भोयाच्या हाताला माशाचा वास येणार नाही, त्या दिवशी ये. मीच तुला तराफ्यावर बसवतो." सगळे हसले. हसले नाहीत ते एकटे मामंजी. त्यांनी तो दिलेला शब्द मानला. घरी येऊन जाळं गुंडाळून माळ्यावर टाकलं आणि सासूला सांगितलं की आजपासून घरात मासा येणार नाही. आमचे हे तेव्हा लहान होते, जाळं नुसतं उचलायला शिकले होते. फेकायचं शिकायचं राहिलं ते राहिलंच.

मी आले तेव्हा या गोष्टीला बरीच वर्षं झाली होती, पण मामंजींची आशा सुटली नव्हती. सकाळ-संध्याकाळ राखेनं हात घासायचे, चिंच लावायचे, लिंबाचा पाला चुरडायचे. हळदीच्या दिवसांत कुरुंदा गावाकडे हळद शिजवायच्या कामाला जायचे. एकदा ते तिकडून आले त्या दिवशी बाजारातून परतताना मी त्यांच्या मागंच होते. फाटकावर त्यांनी न सांगताच हात पुढं केले, कोपरापर्यंत पिवळे. पहारेकऱ्यानं हुंगून पाहिलं आणि म्हणाला, "हळद? माशाला चोळायलाबी हळदच लागते की." आणि त्यांचं गाठोडं सोडायला लावलं. आत शिळी भाकर निघाली. मग माझे हात हुंगले. वाटलं, टोपली याच्या डोक्यात घालावी. पण डोक्यावर पदर आणि पुढं सासरा, मी काय करणार होते? घरी आल्यावर मामंजी म्हणाले, "पुढल्या खेपेला हळदीचं काम नको."

एकदा कारभारी स्वतः बांध पाहायला येणार असं कळलं. मामंजींनी पहाटेपासून हात धुतले, धुवट धोतर नेसले आणि आमच्या ह्यांना घेऊन गेले. तिथं काय झालं ते ह्यांनीच सांगितलं. मामंजी पुढं झाले, हात लांबवून म्हणाले, "सरकार, वास घ्या." कारभारी मागं सरला. "कायचा वास?" मामंजींनी आठवण करून दिली: तराफा, तो शब्द. कारभाऱ्याला काही आठवेना. त्यानं पहारेकऱ्याला विचारलं, "हा काय म्हणून राहिला?" पहारेकरी म्हणाला, "भोई हाय, सरकार." "मग फाटकावर तपास ना," असं म्हणून कारभारी पुढं गेला.

जेवताना मामंजी सासूला म्हणाले, "त्यायला घाई होती आज. पडसंबी असंल." सासूनं भाकरीकडे पाहून मान हलवली. मला हसू आलं आणि लगेच त्या हसण्याचं वाईट वाटलं.

पुढं पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. जहागीरदारांची माणसं हैदराबादकडे निघून गेली, पहारेकरी दिसेनासा झाला आणि फाटक कुणीतरी गुरांच्या गोठ्याला नेऊन लावलं. आसपासचे भोई जाळी घेऊन तलावावर आले. सासूनं माळ्यावरचं जाळं काढलं, तर उंदरांनी त्याची चाळण केलेली. मी दुपारभर बसून ते सांधलं. बोटांना सगळं आठवत होतं. माहेराहून आल्यापासून इतकी खुशीत मी कधीच नव्हते.

आमचे हे पाण्यात उतरले आणि जाळं फेकलं. ते गोळा होऊन चिखलात पडलं. काठावर हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "भोयाचं पोरगं व्हय का हे?" ह्यांनी पुन्हा फेकलं, पुन्हा तसंच. मामंजी बांधावर बसून पाहत होते. मला वाटत होतं, त्यांनी उठावं, ते जाळं घ्यावं आणि एकदाच असं पसरावं की सगळ्यांची तोंडं बंद होतील. सासूला राहवलं नाही. ती जवळ जाऊन म्हणाली, "उठा की. आता कोण अडवतंय?" ते म्हणाले, "परवानगी कुणाची हाय पण?" सासू तशीच परत आली. हे ओल्या धोतरानं, खाली मान घालून घरी गेले.

एका जुन्या सोबत्यानं आम्हाला मोठी मरळ दिली. सासूनं मला हात लावू दिला नाही. स्वतः खवले काढले, तुकडे केले, मीठ-हळद चोळली, मसाला वाटला. काम करताना ती गुणगुणत होती. ती गुणगुणते हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. दिवेलागणीला तिनं मामंजींचं ताट मांडलं आणि भाकरी वाढायला हात पुढं केला. मामंजींनी तिचं मनगट धरलं. मला वाटलं, आता काहीतरी मायेचं बोलतील. त्यांनी तो हात नाकाशी नेला.

"आता फाटक न्हाई," सासू म्हणाली.

"फाटक न्हाई, पण घाण येऊन राहिली ना. धुऊन ये."

ते रागानं बोलले नाहीत. जरा मीठ मागावं तसं बोलले. पहारेकऱ्याचा मला राग होता, कारभाऱ्याचा होता, पण त्या घटकेला जेवढं वाईट वाटलं तेवढं पूर्वी कधी वाटलं नव्हतं, कारण आता राग कुणावर काढावा हेच कळेना. आमचे हे ताटात पाहत बसले. सासू उठून अंगणातल्या दगडापाशी गेली. राख घेऊन हात घासण्याचा आवाज आत येत होता, आणि तो लवकर थांबला नाही.

ती परत आली तेव्हा वाढायला बसली नाही. मामंजींपुढं उभी राहिली आणि कुणी न सांगता दोन्ही ओले हात पुढं केले. त्यांनी वाकून हुंगले, मान हलवली, आणि मग तिनं त्यांना भाकरी वाढली.