बोटभर कमी

मापवाल्यांनी उभ्या आयुष्यात नाकावर माशी बसू दिली नाही. लाकडाच्या वखारीत त्यांचं काम एवढंच, की बांधकामावर जाऊन छपराची मापं घ्यायची आणि परत येऊन कापणाऱ्याला सांगायची. लिहिणं-बिहिणं काही नाही, सगळं तोंडी. आपल्या तोंडून निघालेलं माप म्हणजे शेवटचा शब्द, असा त्यांचा समज, आणि चारचौघांत तो ऐकवायला ते लाजत नसत. त्यांच्या मते गवंडी अडाणी, इंजिनिअर शिकलेला अडाणी आणि मालक पैसेवाला अडाणी. करवतीवर त्यांचा मेव्हणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. तो दाजींसमोर मान वर करत नसे, म्हणून तेवढा त्यांना चालायचा.

अशात मालकाने आपोआप चालणारी करवत आणली. आकडा दाबला की लाकूड आपलं आपण सरकणार, पातं खाली येणार, तुकडा बाजूला पडणार आणि पुढचं लाकूड हजर. मेव्हणा आठवडाभर घाम गाळून जेवढे वासे पाडायचा, तेवढे ती दुपारच्या जेवणाआधी कापून मोकळी व्हायची. रचून ठेवले तर सगळ्यांची टोकं एका रेषेत. मापवाल्यांनी नाक मुरडलं. लाकडाला गाठ असते, पीळ असतो, या डब्याला त्यातलं काय डोंबल कळणार, म्हणाले. त्यात मालकाने तिच्यावर बसवला कोण, तर मापवाल्यांचाच जावई. झालं! बटणं दाबायचा पगार घेणारा माणूस आपल्या घरात आला, हे ते मुलगी भेटेल तेव्हा तिला ऐकवू लागले. जावयाला ते जावईबापू म्हणत, पण अशा सुरात की त्यापेक्षा शिवी बरी.

तेवढ्यात मुलीच्या घरावर वरची खोली चढायला लागली, आणि जुनी करवत विकायची बोलणीही सुरू झाली. ती गेली की मेव्हण्याचं कामही जाणार. मापवाल्यांना मेव्हण्याची फार चिंता होती असं नाही, पण डब्यापुढे हार खाणं त्यांच्या रक्तात नव्हतं. सगळ्या वखारीसमोर त्यांनी मालकाला पैज लावली. मुलीच्या घराचे वासे या डब्यावर कापायचे. वर चढवल्यावर ते आढ्याला नीट भिडले तर आपण टेप खाली ठेवून कायमचं घरी बसू. नाही भिडले तर जुनी करवत राहील. मालक हसत हो म्हणाला.

मापं त्यांनी स्वतः घेतली आणि येऊन जावयाला सांगितली. त्याने विचारलं, हेच नक्की ना?

"माझं माप विचारायचं नसतं, जावईबापू. कापायचं असतं."

जावयाने कापलं.

वासे वर चढले. भिंतीवर बूड टेकवून पहिला वासा तिरका उभा केला, तर वरचं टोक आढ्यापासून बोटभर अलीकडेच राहिलं. दुसराही तसाच, तिसराही तसाच. मापवाल्यांना आकाश ठेंगणं झालं. पोटच्या पोरीचं छप्पर अडलंय याचं या गृहस्थाला काडीचं वाईट वाटलं नाही. मालकाला आणि मेव्हण्याला बोलवायला माणूस धाडून ते मिशीतल्या मिशीत हसत बसले.

सगळे जमल्यावर जावयाने एक वासा खाली आडवा ठेवला आणि सासऱ्याच्याच टेपने मोजला. सांगितला होता अगदी तेवढाच भरला. आणखी दोन मोजले. केसाचाही फरक नाही. मग त्याने भिंतीपासून आढ्यापर्यंत टेप धरला.

"बाबा, तुम्हीच बोटभर कमी सांगितलंत."

मापवाले तडकले. कमीच सांगायचं असतं, म्हणाले. करवत नेहमी बोटभर जास्त सोडते, हे आपण जवानीतच हेरलं होतं. तेव्हापासून आपण मनातल्या मनात बोट वजा करतो. एवढी अक्कल चालवावी लागते. हे सांगताना त्यांची छाती फुगली होती.

"करवत नाही सोडत, दाजी," मेव्हणा खाली बघत म्हणाला. "मी सोडतो."

सुरुवातीला दाजींची मापं दोनदा आखूड आली होती. लाकूड वाया गेलं की दाजी घरी जाऊन ताईवर राग काढायचे. म्हणून त्याने गुपचूप बोटभर जास्त कापायला सुरुवात केली, ती आजतागायत.

मापवाल्यांनी मुलीकडे पाहिलं. ती विटांच्या राशीला टेकून उभी होती.

"मामाने जन्मभर तुमच्या मापावर विश्वास ठेवला नाही, बाबा," ती म्हणाली. "यांनी ठेवला, म्हणून माझं छप्पर अडलं."

मालक जिन्याकडे वळला. वासे भिडले नसले तरी सांगितल्या मापात उतरलेत, चूक नव्या करवतीची नाही, तेव्हा जुनी करवत उद्या जाईल, पण मेव्हण्याला लाकूड रचायला ठेवून घेतो, म्हणाला. आढ्याला दोन्ही अंगांनी पट्टी ठोकून फट बुजवायची ठरली. पट्टी किती जाडीची, ते जावयाने सवयीने सासऱ्याला विचारलं.

मापवाल्यांनी वर फटीकडे पाहिलं. मेव्हण्याकडे पाहिलं.

"टेप तुमच्याकडेच आहे," ते शेवटी म्हणाले. "तुम्हीच मोजा."