भावाच्या हातचे फिल्टर

माझ्या नणंदबाई पाणी शुद्ध करण्याच्या कारखान्यात पडदे धुतात, असं मी सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे खिडक्या येतात. एक शेजारीण तर म्हणालीच, "मग आमचेही दोन देतील का धुऊन?" ताईंनी अगदी गंभीरपणे विचारलं, "खारं पाणी गोड करतात का तुमचे?"

ताईंचे पडदे म्हणजे मेंब्रेन. कागदासारखे पातळ, एकावर एक गुंडाळलेले आणि लांब नळकांड्यांत बसवलेले. पंप खारं पाणी जोर लावून त्यांतून रेटतो. पाणी पलीकडे जातं, क्षार आणि घाण अलीकडे राहते. त्यातली बरीचशी वाहून जाते, पण थोडी पडद्याला चिकटतेच. कधी किटलीच्या तळाशी बसतो तसा पांढरा थर, कधी नुसता बारीक गाळ, आणि कधी मोरीच्या पाइपात हात घातल्यावर लागते ना, तशी जिवंत बुळबुळ. पडदा तुंबला की पंपाला जोर जास्त लागतो आणि गावाच्या नळाची धार बारीक होते.

कशाने तुंबलंय ते ओळखायचं आणि त्याप्रमाणे धुवायचं, हे ताईंचं काम. बुळबुळ असेल तर आधी सोड्याचं पाणी, मग आम्लाचं. उलटं केलं तर ती आणखी घट्ट बसते. कारखान्यात त्यांना सगळे 'दाई' म्हणत, कारण पडद्यांना न्हाऊ घालणारी बाई तीच. ताईंना ते आवडायचं. पण त्यांचं खरं म्हणणं असं, की धुण्याची वेळच येऊ देऊ नये. "किती का हलक्या हाताने धुवा, दर धुण्याला पडद्याचं थोडं आयुष्य जातंच. घाण दारातच अडवावी." ती दारात अडवायला पडद्यांच्या आधी दोऱ्याचे फिल्टर असतात, मोठ्या रिळांसारखे. भरले की काढून टाकायचे आणि नवे घालायचे. नवे यायचे ते स्टोअरमधून. आणि स्टोअरकीपर म्हणजे आमचे हे, ताईंचे धाकटे भाऊ.

सासूबाई लवकर गेल्या. भावाला ताईंनीच वाढवलं, शिकवलं, कारखान्यात चिकटवलं. या साऱ्यात स्वतःचं लग्न राहून गेलं. मी घरात आले तेव्हा मला म्हणाल्या, "हे बघ, सासूही मीच आणि नणंदही मीच. भांडायचं असेल तर कुणाशी ते आधी सांगत जा." भांडलो दोघीही पुष्कळ. पण मी सकाळी देवापुढे बसले की गॅसपाशी त्या उभ्या राहायच्या. "तू देवाकडे बघ, मी दुधाकडे बघते. देव काही उतू जायचा नाही."

नवे फिल्टर आले की खोक्यातला एक तरी उघडून पाहायचा आणि मग सही करायची, असा कारखान्याचा नियम होता. ताई नुसती सही करून खोकी फिटरकडे पाठवत. कुणी टोकलं तर म्हणत, "भावाच्या हातचं काय तपासायचं? उद्या घरी जेवताना भाताचं वजन करू का?"

त्या वर्षी पडदे वारंवार तुंबायला लागले. दाबाचा काटा चढायचा, ताई धुवायच्या, काटा उतरायचा आणि बघता बघता पुन्हा चढायचा. चढावरच्या गल्ल्यांत पाणी पोचेना. बायका कळश्या घेऊन फाटकाशी येऊन बोलायला लागल्या. मोठे साहेब आधी हसत म्हणाले, "दाई, बाळाला जरा जास्तच चोळताय." मग हसणं थांबलं. धुण्याचं पाणी जहाल केलं, पडदे भाजले, असं बोलणं सुरू झालं. ठरलं असं, की एक पडदा कापून बघायचा. तो धुण्याने जळलेला निघाला तर ताईंकडून काम काढून घ्यायचं आणि त्यांना फाटकावर पास लिहायला बसवायचं.

ज्या बाईने उभा जन्म त्या नळकांड्यांपाशी काढला, तिला फाटकावर! ताई जेवताना ताटावरच रडल्या. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. हे म्हणाले, "ताई, फार ताणू नकोस. चुकलं म्हणून टाक. साहेब काही वाईट माणूस नाही." आणि मग माझ्याकडे वळून, "जरा भाजी वाढ."

मी वाढली. मला वाटलं, भावाचा जीव तुटतोय, म्हणून विषय बदलतायत.

पडदा कापला त्या दिवसाचं ताईंनी मला नंतर सांगितलं. लॅबच्या बाईंनी लांब टेबलावर नळकांडं आडवं घातलं, सुरीने चिरलं आणि गुंडाळी पानापानाने उलगडली. ताई हात मागे बांधून उभ्या होत्या. पडद्यावर रंगाचं पाणी सोडून पाहिलं, तर ते कुठेच आरपार गेलं नाही. म्हणजे पडदा जळलेला नव्हता. त्यावर होती तपकिरी, चिकट साय. तिच्यात गाळ, आणि गाळात बारीक पांढरे धागे. बाईंनी चिमट्याने एक धागा उचलला. "दाई, हा फिल्टरचा दोरा. नवा फिल्टर असा धागे सोडत नाही."

साहेबांनी लगेच फिल्टरचं भांडं उघडायला लावलं. वर आलेल्या फिल्टरचं टोपण घासलेलं होतं, पण त्याच्या एका खाचेत लाल रंग राहिला होता.

"ही खूण कुणाची?" साहेबांनी विचारलं.

"माझी," ताई म्हणाल्या. "टाकून दिलेल्या फिल्टरवर मी लाल ठिपका देते. चुकून कुणी परत बसवू नये म्हणून."

बोलून गेल्या, आणि मग आपण काय बोललो ते त्यांना कळलं. टाकलेले फिल्टर परत स्टोअरच्याच कोपऱ्यात जमा व्हायचे. साहेबांनी भावाबहिणीला दुसऱ्या दिवशी सकाळी लेखी जबाब द्यायला सांगितलं.

संध्याकाळी ताई घरी आल्या त्या चपला न काढताच दारातल्या खुर्चीत बसल्या.

"बाळ्या, मला फिल्टर कुठले दिलेस?"

"स्टोअरमधले."

"बाळ्या."

मग यांनी सांगितलं. नव्या फिल्टरची मागणी पाठवायची राहून गेली. नेमकं तेव्हाच मुख्य स्टोअरकीपर म्हणून यांचं नाव पुढे गेलं होतं. चूक उघड झाली असती तर नाव मागे पडलं असतं. म्हणून टाकलेले फिल्टर पाण्याच्या झोताने धुतले, गच्चीवर वाळवले आणि नव्या पिशव्यांत घातले. "वाटलं, नवा माल येईपर्यंत निभावतील. चांगले धुतले होते गं!"

"धुणं मला शिकवतोस?" ताई म्हणाल्या. "वरून पांढरा दिसला तरी दोऱ्याच्या पोटात बुळबुळ जिवंत असते. दोरा सैल झाला की गाळही सुटतो. तू माझ्या पडद्यांवर घाण पेरलीस, बाळ्या. आणि मी वेड्यासारखी धूत बसले."

हे खुर्ची ओढून जवळ गेले आणि लहानपणचा आवाज काढून म्हणाले, "ताई, तू असं लिही ना, की अडचण होती म्हणून तूच जुने मागितलेस. तुझ्यावर साहेबांचा लोभ आहे. फार तर फाटकावर बसवतील. तुझं काय, एकटा जीव. माझ्यामागे संसार आहे."

त्या संसारात मीही आले. माझ्या नावावर हे मागितलं जात होतं. ताईंनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं?"

"देवाशपथ नाही, ताई."

विश्वास ठेवायला त्यांना जरा वेळ लागला. जराच. पण तेवढा वेळ मला जन्मभर पुरेल.

मग त्या भावाला म्हणाल्या, "मागणी राहिली त्याचं काही नाही रे. त्याच दिवशी सांगितलं असतंस तर कुठूनही फिल्टर पैदा केले असते मी. पण मी समोर बसून रडत होते, आणि तू भाजी मागत होतास."

सकाळी त्यांनी खरं होतं ते लिहून दिलं. खोकी न तपासता सही केली, तेही लिहिलं. त्याबद्दल बोलणी खाल्ली, पण पडदे त्यांच्याकडेच राहिले. यांना स्टोअरमधून काढून वजनकाट्यावर बसवलं. हे नातेवाइकांना सांगत फिरले, "सख्ख्या बहिणीने गळा कापला." निम्म्या नातेवाइकांना ते पटलंही. एक मावशी मला समजावायला आली, "कितीही झालं तरी पाठचा भाऊ. झाकायचं असतं." मी म्हटलं, "मावशी, कोणी कोणाला?" ती चहा न पिता गेली.

ताई आता कारखान्याजवळ एका खोलीत राहतात. फिल्टर उघडून पाहतात, एकही न सोडता. नवा स्टोअरकीपर कुरकुरतो. पडद्यांचा काटा जागेवर आहे म्हणे. मी रोज देवापुढे बसते, यांच्यासाठी प्रार्थना करते, पण 'त्यांना क्षमा कर' इथे आले की शब्द अडतो. पुढचं जमेल तेव्हा जमेल.

परवा डबा घेऊन ताईंकडे गेले. त्यांनी झाकण काढलं, भाजी नाकाशी नेली, चमच्याने खालीवर केली आणि एकदम थांबल्या. चेहरा उतरला. माझ्या हातचं त्या इतकी वर्षं न बघता जेवल्या होत्या.

"सवय लागली गं," त्या म्हणाल्या.

"बघा, ताई," मी म्हटलं. "नीट बघा आणि मगच जेवा."

मी समोर बसले. त्यांनी भाजी तळापर्यंत बघितली आणि मग पहिला घास घेतला.