टाचणीचा पहारा

तरुणपणी मी एका किड्याला आदर्श नवरा ठरवलं होतं. नुसतं मनात नाही, चांगलं उखाण्यात! लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला, बेलवलीतल्या सगळ्या बायकांसमोर मी मान वेळावून म्हटलं, "पाण्यावर उडते टाचणीची जोडी, नवरा बायकोला क्षणभर न सोडी," आणि पुढच्या ओळीत यांचं नाव गुंफून 'संसाराची गोडी' जुळवली. टाचणी म्हणजे चतुराची बारीक बहीण. सुईसारखं अंग, काचेसारखे पंख. खाचरात पाणी असलं की त्यांच्या जोड्या दिसायच्या. पुढे नर, मागे मादी, आणि नराच्या शेपटीच्या टोकात मादीची मान पकडलेली. मान पकडलेली स्पष्ट दिसायची, तरी मला ते प्रेमच वाटायचं. एवढी माझी अक्कल!

आणि त्याच हळदीकुंकवाला माझा खरा नवरा बाहेर सायकल धरून ताटकळत उभा होता, मला घरी न्यायला. त्यांच्यावर मात्र मी फणफणले, "सारखं मागे मागे काय हो? मी काय हरवणार आहे?"

आता नात उल्हासनगरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. तिने प्रोजेक्टला टाचण्या घेतल्या म्हटल्यावर मी कौतुकाने माझा उखाणा ऐकवला. ती सोफ्यावर आडवी होऊन हसली.

"आजी, प्रेम कसलं, पहारा आहे तो! मादी आधीच्या नराचं वीर्य पोटात साठवून ठेवते. दुसरा नर आला की आधी ते खरवडून काढतो, मग स्वतःचं सोडतो. आणि ती अंडी घालेपर्यंत तिची मान सोडत नाही. सोडली तर तिसरा येऊन याचं खरवडणार ना!"

"अगंबाई! म्हणजे शेवटी आला तो बाप?"

"बहुतेक अंड्यांचा, हो."

माझा उखाणा तिथेच कोसळला, पण मला काय आनंद झाला म्हणून सांगू! एवढीशी ती सुई, आणि तिच्या पोटात एवढं राजकारण!

नर ओळखता यावेत म्हणून पंखांवर ठिपके द्यायचे होते. आम्ही उल्हासनगरच्या कॅम्प दोनच्या बाजारात नेलपॉलिश आणायला गेलो. दुकानदाराने विचारलं, "आंटी, शादी के लिए? कौनसा शेड दूँ?" मी म्हटलं, "किडे के लिए. लाल और सफेद." त्याने मुकाट्याने बाटल्या दिल्या.

परतताना शेअर रिक्षात अंबरनाथ एमआयडीसीची शिफ्ट सुटलेले दोघे बसले होते. मला काही दम निघेना. "पण खरवडतो कशाने गं?"

"आजी, घरी सांगते."

"आत्ता सांग की!"

"त्याच अवयवाने. त्यावर बारीक काटे असतात, बाटली धुवायच्या ब्रशसारखे." नात खिडकीबाहेर बघत पुटपुटली. दोघांपैकी एकाने डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं, आणि रिक्षावाल्याने आरसा नीट केला.

पण गंमत तिथेच संपली. कॉलेजच्या मॅडमनी बजावलं होतं की पुस्तकातलं उतरवून चालणार नाही. एक मादी, तिच्यामागे दोन नर, जुळण्यापासून अंडी घालेपर्यंत सगळं सलग चित्रित झालं पाहिजे, नाहीतर प्रोजेक्ट घेणार नाही. आणि आमच्या बिल्डिंगमागचं डबकं, जिथे तिचे ठिपकेवाले नर होते, तिथे नवीन टॉवरसाठी भराव पडायला लागला होता. अर्धं पाणी मातीखाली गेलेलं. नात रोज जायची आणि रोज तोंड पाडून परत यायची.

त्या सकाळी मीही घडीची खुर्ची घेऊन सोबत गेले. ऊन चढलं आणि सफेद ठिपक्याने एक मादी धरली. दोघांचं मिळून बदामासारखं कडं झालं. नातीने मोबाइल रोखला. त्यांचं जुळणं उरकतंय तोच मागे डंपर घरघरला. सफेद दचकला, मादी सुटली, आणि गवतातून लाल ठिपक्याने झेप घेऊन तिची मान पकडली!

"आजी, धर! हलवू नकोस!" मोबाइल माझ्या हातात कोंबून नात डंपरकडे धावली. "दादा, थांबा ना, प्लीज, माती टाकू नका!"

"ताई, मुकादम माझ्यावर ओरडेल!"

"त्यांच्याशी मी बोलते, पण थोडं थांबा!"

इकडे लालचं कडं झालं. आतलं काही दिसत नाही, त्याच्या पोटाचे वरखाली हिसके तेवढे दिसतात. पण मला ठाऊक होतं ना तो काय करतोय! सफेदचा सगळा मुक्काम हलवत होता. मग जोडी गवताच्या काडीवर उतरली. मादीने शेपूट पाण्यात बुडवून काडीत अंडी टोचायला सुरुवात केली. लाल तिच्या मानेवर काठीसारखा ताठ उभा. सफेद परत आला, धडकला. पुन्हा आला, पुन्हा धडकला. मोबाइल हलू नये म्हणून मी कोपरं गुडघ्यांवर रोवली. तोंडावर मात्र ताबा राहिला नाही. मादीने काडी सोडली तेव्हाच मी मोबाइल खाली केला. वळून बघते तर डंपर इंजिन बंद करून उभा, आणि ड्रायव्हर आणि नात दोघं माझ्याकडेच बघतायत.

मॅडमना सगळं सलग मिळालं. प्रोजेक्ट पास झालं. नात पेढे घेऊन आली आणि तिने तो व्हिडिओ घरच्या टीव्हीवर लावला. लाल ठिपका पडद्यावर हातभर मोठा, आणि त्यावर माझा आवाज, "सोडू नको रे तिला! धरून ठेव! आला बघ तो मेला, हलू नकोस!"

हे आरामखुर्चीत पेढा खात होते. व्हिडिओ संपला तसा त्यांनी पेढाही संपवला. मग हात पुसले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मी सायकल घेऊन नुसता उभा राहिलो तर केवढी बोलली होतीस मला."