भाईदास पाटलांचा लोखंडी बैल

तापीकाठच्या त्या गावात पोळ्याचा मान भाईदास पाटलांच्या घराण्याचा. वेशीवरचं तोरण त्यांच्या जोडीनं तोडायचं, मगच बाकीचे बैल गावात शिरायचे. भाईदासभाऊंचा या मानावर जीव होता. दुसऱ्या नंबरची जोडी इंद्रसिंगाची. त्याचं घर आजोबांच्या काळापासून या मानावर टपून बसलेलं.

दुसरं महायुद्ध संपलं आणि भाऊंनी सुरतेकडून ट्रॅक्टर आणला. लोखंडी चाकं, घासलेटवर चालणारा. सुरू झाला की गावातली कुत्री नदीकडे पळत. आणला तो आणला, पण भाऊंना शहाणपण असं चढलं की हरण्या-मोऱ्याची जोडी आणि गोठ्यातले बाकीचे बैलही तळोद्याच्या बाजारात विकून टाकले. चावडीवर बसून सांगायचे, "आते हाऊच मन्हा बैल. थकस नही, आजारी पडस नही." ऐकणारे माना डोलवत आणि घरी जाऊन आपल्या बैलांना जरा जास्तच पेंड घालत.

पोळा चार दिवसांवर आला तेव्हा बायकोनं, वत्सलाबाईंनी, विचारलं, "यंदा तोरण कोन तोडी?"

भाऊंचा घास हातातच राहिला. उसनी जोडी मानाला चालत नाही. बैल घरच्या गोठ्यातलाच लागतो.

पण माघार घेतील ते पाटील कसले! ट्रॅक्टर आदल्या दिवशीच वेशीबाहेर नेऊन उभा केला. सणाच्या सकाळी त्याला आंघोळ घातली, पाठीवर झूल टाकली, धुराड्याला बेगड चिकटवली. शिंगं काही सापडेनात, म्हणून गोंडे दिव्यांना बांधले. घुंगरमाळ घरच्या सालदार गड्यानं, धुडकूनं, बांधली. कुठं बांधायची ते त्यानं विचारलं नाही, भाऊंनीही सांगितलं नाही.

अख्खं गाव जमलं. भाऊ ऐटीत हँडल मारायला वाकले, तोच दोधूबाबा ओरडले. हे गावातले सगळ्यांत म्हातारे. रीतभातीत शेवटचा शब्द त्यांचा.

"थांब रे भाईदास! आज पोळा शे. बैलले आज काम लावतस का कोनी?"

"बाबा, हाई यंत्र शे."

"मंग यंत्रले कसाले मान? तूच सांगस ना, हाऊ मन्हा बैल? बैल व्हई तर आज त्याले सुटी. यंत्र व्हई तर मांगे सरक, इंद्रसिंगनी जोडी येऊ दे."

इंद्रसिंगानं कासरा आवळला. यंत्र म्हणावं तर मान जातो, बैल म्हणावं तर चालवता येत नाही. भाऊंनी विचार केला, आणि विचार करूनही माणूस जो मूर्खपणा करतो तोच केला.

"बैलच शे," ते म्हणाले. "आम्ही वढी लयसूत."

दुसरे बैल जुंपावेत तर त्यांनाही सुटी. मग ट्रॅक्टरला जाड दोर बांधला. पुढं एका बाजूला भाऊ, दुसऱ्या बाजूला धुडकू, आणि दहाबारा जण मागून रेटायला. पावसानं भिजलेली काळी माती आणि त्यात ते धूड! भाऊ घसरले, गुडघ्यावर आले, उठले, पुन्हा दोर खांद्यावर घेतला. इंद्रसिंगाच्या तोंडून बैल हाकायच्या सवयीनं "हुर्रर्र" निघालं आणि लोक पोट धरून हसले. शेवटी एकदाचं तोरण भाऊंच्या कपाळाला लागून तुटलं. मान राहिला!

दारात वत्सलाबाई ताट घेऊन उभ्या होत्या. तोरण तोडणाऱ्या जोडीचे पाय धुवायचे, कुंकू लावायचं, पुरणपोळीचा घास भरवायचा, अशी रीत. त्यांनी ट्रॅक्टरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. भाऊंच्या पायांवर पाणी घातलं आणि तांब्या धुडकूकडे वळवला. तो बिचारा शरमेनं मागं सरला.

"वहिनी, मन्हा पाय नको."

"उभा ऱ्हाय," त्या म्हणाल्या. "जोडी शे ना."

पाटलानं आणि सालदारानं एकाच ताटातला घास खाल्ला. घराण्यात हे पहिल्यांदाच घडलं.

बैलांची खांदेमळणी पोळ्याच्या आदल्या दिवशी होते. भाऊंची दुसऱ्या दिवशी झाली. सुजलेल्या खांद्यावर वत्सलाबाई हळद आणि लोणी चोळत होत्या, आणि हात लागला रे लागला की भाऊ कण्हत होते.

"हळू वं! जीव चालना मन्हा."

"हरण्याना खांदाबी असाच सुजे," वत्सलाबाई म्हणाल्या. "तो बोले नही."

त्यानंतर भाऊ कण्हले नाहीत.