मागे बसणारे आप्पा

आप्पा कधी कुणाच्या समोर बसत नसत. दौंडला माझ्या पाट्या-चित्रं रंगवायच्या दुकानात आले, की स्टूल उचलून माझ्या पाठीमागे, किंचित डावीकडे ठेवायचे आणि तिथूनच बोलायचे. मला वैताग यायचा. माणूस बोलतोय कुठून आणि आपण बघतोय कुठे! पण बावीस वर्षं त्यांनी बुवांच्या मागे बसून तंबोरा छेडला होता. ती जागा त्यांच्या अंगात मुरली होती.

बुवा केंदूरचे. आज गाणं शिकणाऱ्याला ज्यांच्या बंदिशींवाचून सुटका नाही, ते. हयातीत त्यांनी स्वतःचा फोटो म्हणून काढू दिला नाही. सगळीकडे लावतात ते मिटल्या डोळ्यांचं, साधुपुरुषासारखं चित्र ज्याने काढलं, त्याने बुवांना पाहिलेलंच नव्हतं.

शिरूरहून त्यांची मुलगी, सुमनताई, माझ्याकडे आल्या. बुवा गेले तेव्हा त्या तीन महिन्यांच्या होत्या.

“केंदूरच्या नव्या सभागृहात चित्र लावायचंय. ते जुनं नको. मला माझे वडील बघायचेत, पेंटर. आप्पा ‘व्हय’ म्हणाले तरच लावीन.”

बुवांना जवळून पाहिलेलं माणूस आता आप्पांशिवाय कुणी उरलं नव्हतं. हातात आठ दिवस होते. जुनं चित्र आणि ताईंचा चेहरा यांवरून अंदाज बांधून मी नाक काढलं. मागून आवाज आला, “न्हाई.” पुसलं. दुसरं काढलं. “न्हाई.” का म्हणून विचारलं, की ठरलेलं उत्तर, “बेसूर व्हण्यापरीस गप ऱ्हावं, पेंटर.” माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

सहाव्या दिवशी मी ब्रश आपटला. “आप्पा, नाक कसं होतं ते तरी सांगा! सरळ? बसकं?”

वळून पाहिलं तर म्हातारा हातातली टोपी चुरगाळत होता.

“पेंटर, म्या मागं बसायचो.”

“माहीत आहे मला.”

“मागंच बसायचो. आन् समोर गेलो तर त्यांच्या पायाकडं बघायचो. गुरू व्हते. तोंड निरखून कवा बघितलंच न्हाई. आता डोळं मिटलं की नुसती मान दिसती.”

“मग इतके दिवस ‘न्हाई’ कशाच्या जोरावर?”

“खोटं ‘व्हय’ कसं म्हणू? आन् खरं सांगितलं तर त्या पोरीचा बाप दुसऱ्यांदा जाईल.”

माझा राग कुठल्या कुठे गेला. त्याच संध्याकाळी ताई चित्र बघायला येणार होत्या.

आल्या, चित्रासमोर खुर्चीत बसल्या. आप्पांनी सवयीने स्टूल त्यांच्या मागे ठेवलं. म्हाताऱ्याने एकदाच खोटं बोलावं म्हणून मी देव पाण्यात घालून उभा होतो. ताई मान कलती करून बघत राहिल्या. मग न वळता म्हणाल्या, “आप्पा, असेच होते ना?”

“ताई, तोंडाचं मला ठावं न्हाई. म्या मागं बसायचो.”

ताईंचे खांदे ताठरले. मला खाली बघवत नव्हतं आणि वरही.

“हलू नगा!” आप्पा एकदम म्हणाले. “अशाच बसा. वरचा षड्ज लावायच्या आधी बुवांची मान अशीच कलायची. कान असाच भाईर आल्याला. मानंवर केसांचा हाच भोवरा. ताई, पन्नास वर्सांनी बघतोय म्या.”

ताईंनी हात मागे नेऊन स्वतःच्या मानेवर ठेवला आणि तशाच रडल्या.

उरलेल्या दोन दिवसांत दुसरं चित्र झालं. ताई पाठमोऱ्या बसायच्या, आप्पा सांगायचे, मी काढायचो. रंग ओला असतानाच, आप्पांचं ‘व्हय’ यायच्या आधीच, ते टेम्पोतून केंदूरला नेलं. पडदा सरकला. पाठमोरे बुवा, कललेली मान, पलीकडे अंधुक श्रोते. “पेंटरला तोंड जमलं न्हाई वाटतं,” कुणीतरी मोठ्यानेच बोललं. आता ते खरंच होतं, काय बोलणार!

त्यानंतर आप्पा वर्षभरच जगले. अजूनही काम करताना माझं डाव्या खांद्यामागे लक्ष जातं. पण आठवतात ते पडदा सरकला त्या दिवशीचे. गर्दीतून वाट काढत ते पुढे आले आणि चित्रासमोर सतरंजीवर, किंचित डावीकडे, मांडी घालून बसले. आप्पांना कशाच्या समोर बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांची बोटं तंबोरा छेडल्यासारखी हलायला लागली. ताई त्यांच्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या.

“व्हय,” आप्पा म्हणाले.